चिनी कवितेतलं मांजर: चाकरीपासून सोबतीपर्यंत

चीनच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहात, 'शी चिंग'मध्ये, मांजर येतं ते अस्वल आणि वाघाच्या पंगतीला. 'हान यी' या कवितेत एका समृद्ध मुलखाचं वर्णन आहे: भरलेल्या नद्या, गलेलठ्ठ मासे, हरणांचे कळप, अस्वलं, मांजरं, वाघ. हे रानमांजर आहे, चुलीपाशी वेटोळं करून बसणारं नाही. 'ली ची' हा विधींचा ग्रंथ वर्षअखेरच्या पूजेत मांजर आणि वाघ दोघांनाही बोलवायला सांगतो. मांजर शेतातले उंदीर खातं म्हणून, वाघ रानडुकरं खातो म्हणून. भक्तीपेक्षा यात शेतकऱ्याचा रोकडा हिशेबच जास्त दिसतो.

उत्खननही हेच सांगतं. शान्शी प्रांतातल्या एका सुमारे ५३०० वर्षं जुन्या शेतकरी वस्तीत मांजराची हाडं मिळाली, पण ती वस्तीच्या आसपास उंदरांवर जगणाऱ्या ठिपकेदार रानमांजराची निघाली. आपण ज्याला घरचं मांजर म्हणतो, ते पश्चिम आशियाकडून रेशीम मार्गाने आलं, साधारण थांग राजवटीच्या काळात (६१८–९०७). चिनी लोककथेला मात्र हे श्रेय भारताला द्यायचं आहे. पोथ्या कुरतडणाऱ्या उंदरांचा बंदोबस्त म्हणून ह्युएन त्संगाने येताना भारतातून मांजर आणलं, असं ती सांगते. महाराष्ट्रातही येऊन गेलेला हा यात्रेकरू ६४५ साली परतला, तेव्हा घोड्यांवर पोथ्या होत्या, मूर्ती होत्या, अवशेष होते. मांजराची नोंद कुठे नाही. पण कथा खोटी असली तरी तिच्यातली जोडी खरी ठरली. चिनी कवितेत मांजर शिरलं ते पुस्तकांचा राखणदार म्हणूनच.

थांग काळात अजून त्याचं बस्तान बसलेलं नाही. हानशान हा डोंगरातला कवी म्हणतो की उंदीर पकडायला जातिवंत घोडा लावला तर लंगडं मांजर बरं. थांग अखेरच्या लू यानरांग या कवीची गोष्ट याहून मजेदार. उंदराच्या बिळाशी टपलेलं उपाशी मांजर आणि उडी मारून भांडं उलथवणारं मांजर, अशा त्याच्या ओळी सत्ताधाऱ्यांना आवडून गेल्या. जन्मभर मोठ्या लोकांचे उंबरठे झिजवले आणि शेवटी कामाला आली मांजर-कुत्री, असं तो म्हणाल्याचं सांगतात.

खरी वर्दळ सुरू होते सुंग काळात, म्हणजे ९६० नंतर. कारण सरळ आहे. छपाई पसरली, परीक्षा देऊन अधिकारी झालेल्यांच्या घरी पुस्तकांचे ढीग लागले आणि उंदरांना मेजवानी मिळाली. शिवाय याच काळातल्या कवींना रोजच्या जगण्यातला कुठलाही विषय, अगदी उवा आणि दातदुखीसुद्धा, कवितेला चालत होता.

हुआंग तिंगच्यानच्या (१०४५–११०५) चार ओळींत अख्खी चालरीत आहे. मांजर मेलं, शरद आला, उंदीर शिरजोर झाले. रांजणात डोकावतात, ताटल्या पाडतात, झोप मोडतात. कुणाकडे तरी मांजरी विणार असल्याचं कानावर येतं. मग कवी मासे विकत घेतो, विलोच्या डहाळीत ओवतो आणि मागणी घालायला निघतो. मागणीच म्हणायची, कारण मांजर फुकट उचलून आणायचं नसे. त्याच्या घरी मासे किंवा मीठ पाठवायचं, सोयरिकीला पाठवावं तसं. करारनामाही होई. सुंगनंतरच्या मंगोल काळातल्या एका पंचांगवजा पुस्तकात त्याचा नमुना आहे. मधोमध मांजराचं चित्र, भोवती गोल फिरत जाणारा मजकूर. हे मांजर मूळचं पश्चिमेकडच्या बुद्धांपाशी होतं, ह्युएन त्संगाने पोथ्या राखायला आणलं, अशी सुरुवात. मग दक्षिणेला जाणार नाही, उत्तरेला भटकणार नाही, याला देव साक्षीदार. कुठल्याही मांजराने तो पाळला असेल असं वाटत नाही.

मेई याओछन (१००२–१०६०) मांजराचं श्राद्ध घालतो. होडीच्या प्रवासात त्याचं 'पाच-पांढरं' नावाचं मांजर मेलं. भात आणि मासा देऊन त्याने ते नदीत सोडलं. एकदा या मांजराने उंदीर तोंडात धरून, ओरडत अंगणभर फेरी मारली होती, बाकीच्या उंदरांना जरब बसावी म्हणून, हे तो आठवतो. कोंबडी-डुकरांपेक्षा हे कष्टाळू, तरी लोक घोड्या-गाढवांनाच मोठं म्हणतात, अशी तक्रार करतो. शोक खरा आहे, पण तोलून मापून: मेलेल्या चाकराच्या कामाचा दाखला द्यावा तसा.

हा चाकरीचा हिशेब मोडतो तो लू यौच्या (११२५–१२१०) घरी. उत्तर चीन शत्रूच्या हाती गेल्यावर तो परत जिंकण्याचं स्वप्न आयुष्यभर पाहिलेला हा कवी. नऊ हजारांवर कविता मागे ठेवून गेला. पहिल्या मांजरकवितेत तोही सुंग रीतीने बोलतो. मीठ गुंडाळून पिल्लू आणलं, त्याने घरातली सगळी पुस्तकं राखली. पण मी गरीब, त्याला बसायला लोकर नाही, खायला मासा नाही, लाज वाटते. पुढे 'हिमू' म्हणता येईल अशा नावाच्या मांजराबद्दल लिहिताना सूर बदलतो. ते पुदिन्याच्या जातीच्या पाल्याने झिंगतं, रात्री गालिचा उबवतं, आणि गेल्या जन्मीचा माझा पोरगेला सेवक असावं, या डोंगरगावात माझ्याबरोबर म्हातारं होतंय. आणखी एका कवितेत तर मांजर पांघरुणात झोपलंय आणि उंदीर पुस्तकं फाडतायत. चाकरी संपली, मुक्काम राहिला.

११९२ च्या अकराव्या चांद्रमासाच्या चौथ्या तिथीला वादळ झालं. त्या दिवशी त्याने दोन कविता लिहिल्या. एकीत घोडे, गोठलेल्या नद्या आणि सीमेवर लढायला निघालेला म्हातारा स्वप्नात आहे. ती चीनमधली शाळकरी मुलं पाठ करतात. दुसरीत बाहेर पाऊस, आत शेगडी, लोकरीचा गालिचा, आणि मी व मांजर काही दाराबाहेर पडत नाही. आजच्या चिनी मांजरवाल्यांच्या तोंडी हीच ओळ असते. दोन्ही कविता एका मनाच्या आहेत, आणि मला तरी पहिलीमुळे दुसरी जास्त आवडते.

लू यौचा राग कुठे आहे तेही दिसतं. एका कवितेत तो आपल्या उंदीरमाऱ्याला विचारतो, लाल दरवाज्यांच्या हवेलीत मासे खाऊन किनखापावर झोपणाऱ्यांपेक्षा तू कसा? राजधानी लिन-आनमध्ये, आजच्या हांगचौमध्ये, लांब केसांची, उंदीर न धरणारी 'सिंहमांजरं' श्रीमंतांची हौस होती; मांजरांसाठी मासे विकणारेही होते. लू यौनेच टिपणवहीत लिहून ठेवलंय की मुख्यमंत्री छिन ह्वेईच्या नातीचं असं मांजर हरवलं, तेव्हा नगरप्रशासनाने शेजाऱ्यांना धरून नेलं, शहरातली सगळी सिंहमांजरं गोळा केली, पण ते सापडेना. मग घरातल्या म्हाताऱ्या गड्याला लाच देऊन वर्णन मिळवलं आणि शंभर चित्रं चहाच्या दुकानांत लावली. शेवटी नगरप्रमुखाला मध्यस्थ घालून प्रकरण मिटवावं लागलं. याच छिन ह्वेईच्या नातवाच्या वर ११५३ च्या परीक्षेत लू यौचा नंबर लागला होता, आणि पुढच्या वर्षी त्याला खड्यासारखा बाजूला काढलं गेलं.

पुढच्या शतकांत मांजरावरच्या कविता खूप झाल्या, पण नवं फारसं नाही. छिंग या शेवटच्या राजवटीच्या काळात (१६४४–१९१२) हौशी लोकांनी जुन्या ओळी आणि गोष्टी गोळा करून मांजरकोश रचले. हुआंग हानचा 'माओ युआन' १८५२ मधला. सुन सुनयी या बाईनेही असाच एक संग्रह केला आहे.