तंजावरच्या शिल्पामागचा दरबारी धर्मोपदेशक

तंजावरच्या शिवगंगा किल्ल्यातल्या चर्चमध्ये एक संगमरवरी शिल्प आहे. मृत्युशय्येवर एक वृद्ध जर्मन पाद्री, आणि त्याचा हात हातात घेऊन उभे असलेले सरफोजी राजे. भोसले कुळातल्या या राजाने आपल्या गुरूसाठी, श्वार्ट्झसाठी, ते इंग्लंडच्या फ्लॅक्समनकडून घडवून घेतले. श्वार्ट्झ १७५० मध्ये इकडे आला तो जर्मनीतल्या हाले शहरात शिकून. असे पाद्री घडवणारे शहर हा हालेचा लौकिक कसा झाला, याचा शोध घेत मागे गेले की फिलिप याकोब स्पेनर हा धर्मसुधारक पाद्री भेटतो.

स्पेनरचा जन्म १६३५ चा, अल्सासमधला. युरोपातले ‘तीस वर्षांचे युद्ध’ तेव्हा ऐन भरात होते. ते संपल्यावरही लुथरन, म्हणजे मार्टिन लुथरच्या प्रोटेस्टंट पंथातल्या, पंडितांचे वाद संपले नाहीत. व्यासपीठावरून खंडनमंडन चाले, आणि समोर बसलेल्यांच्या जगण्याकडे कुणाचे लक्ष नसे. एकतिसाव्या वर्षी स्पेनर फ्रँकफुर्टच्या पाद्रींचा प्रमुख झाला. १६७० पासून त्याने आपल्या घरी छोट्या बैठका सुरू केल्या. तिथे धर्मग्रंथ वाचायचा आणि त्यावर मनमोकळे बोलायचे. आपल्याकडच्या सत्संगाची आठवण यावी असाच तो प्रकार. १६७५ मध्ये त्याने ‘पिया डेसिडेरिया’ (‘धार्मिक इच्छा’) हे पुस्तक लिहिले. सामान्य माणसाने बायबल स्वतः वाचावे, विरोधकांशीही प्रेमाने वागावे, ज्ञानापेक्षा आचरण मोठे मानावे, असे त्यातले म्हणणे. या चळवळीला ‘पायटिझम’ म्हणतात. हे नाव आधी टवाळीतून पडले आणि पुढे तेच रूढ झाले.

१६८६ मध्ये त्याला ड्रेस्डेनहून बोलावणे आले. सॅक्सनीचा प्रमुख दरबारी धर्मोपदेशक म्हणजे जर्मनीतल्या लुथरन पाद्र्याला मिळू शकणारे सर्वांत मानाचे पद. राजाचे पापनिवेदन ऐकायचे, दरबारात प्रवचन द्यायचे आणि कन्सिस्टोरियम या चर्चच्या कारभारी मंडळातही बसायचे. पाद्र्यांच्या नेमणुका, त्यांच्यावर देखरेख, विवाहाचे तंटे, हा सगळा कारभार या मंडळाकडे असे. लुथरन राज्यांत चर्चच्या शिरावर पोप नव्हता, राजा होता. त्यामुळे ज्याला उपदेश करायचा, त्याच्याच पदरी राहायचे, ही या पदाची खरी अडचण. स्पेनरने मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्गही सुरू केले, तेव्हा राजाला उपदेशक हवा होता, मिळाला शाळामास्तर, असे लोक म्हणू लागले.

१६८९ मध्ये त्याने राजा योहान गेओर्ग तिसरा याला खासगी पत्र लिहिले. राजाचे मद्यपान आणि वागणे यांबद्दल त्यात स्पष्ट शब्दांत कानउघाडणी होती. चव्हाट्यावर न आणता, पापनिवेदन ऐकणाऱ्याच्या नात्याने लिहिलेले पत्र! राजा संतापला. त्याने स्पेनरच्या प्रवचनाला येणेच सोडले. स्पेनर मात्र आपण होऊन पद सोडायला तयार नव्हता. मला त्याचे मोठेपण त्याच्या ग्रंथापेक्षा या पत्रात दिसते.

अखेर ब्रांडेनबुर्गच्या राजाने १६९१ मध्ये त्याला बर्लिनला नेले. तिथे तो निकोलाय चर्चचा प्रमुख आणि कन्सिस्टोरियमचा सल्लागार झाला. राजा कॅल्व्हिनपंथी (दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाचा), प्रजा लुथरन, त्यामुळे भांडणे न लावणारा माणूस राजाला हवाच होता. हा राजाश्रय स्पेनरने सत्कारणी लावला. लायप्झिग आणि एर्फुर्टमधून हुसकावलेल्या आउगुस्ट हेर्मान फ्रांके या पायटिस्टाला त्याच्याच शिफारशीने हालेत जागा मिळाली. तिथे १६९४ मध्ये विद्यापीठ सुरू झाले, आणि फ्रांकेने अनाथाश्रम आणि शाळा उभ्या केल्या. ड्रेस्डेनमधून जाण्याची वेळ आली नसती, तर हे स्पेनरला बर्लिनमधून करता आले नसते.

५ फेब्रुवारी १७०५ रोजी बर्लिनमध्ये स्पेनर वारला. चर्चच्या दुरवस्थेचा शोक आयुष्यभर केला, आता काळे काही नको, अशी त्याची इच्छा होती. म्हणून त्याची शवपेटी पांढरी होती. त्यानंतर सतरा महिन्यांनी, ९ जुलै १७०६ रोजी, हालेत शिकलेला त्सीगेनबाल्ग हा मिशनरी तमिळ मुलखातल्या तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर उतरला. तंजावरच्या गादीवर तेव्हा व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे होते.