कशेळीच्या सड्यावर पाच दिवस : नाव नोंदवण्याआधी हे वाचा

आमच्या कातळशिल्प-सहलीच्या चौकशीचा फोन आला की पहिला प्रश्न बहुतेकदा एकच असतो : पाच दिवसांत काय काय दाखवणार? आमचं उत्तर ऐकून काही जण थोडे हिरमुसतात. गणपतीपुळे नाही, थिबा पॅलेस नाही. मुक्काम पाचही दिवस एकाच घरात आणि कातळशिल्पं, म्हणजे सड्यांवर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर) कोरलेली प्राचीन चित्रं, फक्त तीन ठिकाणची. रत्नागिरी जिल्ह्यातली कशेळी, देवीहसोळ आणि देवाचे गोठणे.

आमच्या पहिल्या सहलीत आम्हीही तीन दिवसांत नऊ ठिकाणं कोंबली होती. कशेळीच्या सड्यावर पोचलो ते भर दुपारी बाराला. समोर नुसता काळपट जांभा, डोळे दिपवणारं ऊन. इथे सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे असं आम्ही सांगत होतो आणि कुणालाच तो दिसत नव्हता. लोक पाच मिनिटांत गाडीत जाऊन बसले. आम्हाला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मंडळी परतली, आम्ही दोघं मागे राहिलो आणि संध्याकाळी पुन्हा तिथेच गेलो. ऊन कललं तशी कोरीव रेघांच्या एका कडेला सावली धरायला लागली. आधी पाठ दिसली, मग सोंड. पाठीच्या रेघेलगत चालत गेलो तेव्हा कुठे त्या जनावराचा आकार अंगाला जाणवला. त्याच्या पोटात कितीतरी लहान चित्रं आहेत, मासे, पक्षी, जनावरं. ती एकेक करून वर येत होती. त्या संध्याकाळी आम्ही सहलीचा आराखडा बदलला.

म्हणून आता प्रत्येक ठिकाणी दोनदा जातो, एकदा सकाळी लवकर आणि एकदा उन्हं उतरताना. मधल्या वेळात आपण घरी असतो.

सड्याबद्दल थोडं. कोकणातल्या या जांभ्याच्या पठारांवर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी ही चित्रं कोरली. नक्की केव्हा, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. त्यात गेंडा आहे, आणि गेंडा आज कोकणात कुठेच नाही; यावरूनच ती किती जुनी असावीत याचा अंदाज येतो. गुराख्यांना, गावकऱ्यांना यातली काही चित्रं पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सडे पायी तुडवून, गावोगावी विचारपूस करून त्यांची नोंद केली. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत नऊ ठिकाणं आली : रत्नागिरी जिल्ह्यातली सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं एक. आपली तिन्ही त्या सातांतली. देवाचे गोठण्याला येताना होकायंत्र असेल तर आणा. तिथल्या कातळावर ते ठेवलं की सुई भरकटते.

चित्रांवर चप्पल-बूट घालून चढायचं नाही. फोटो उठून दिसावा म्हणून रेघांत खडू, चुना किंवा रांगोळी भरायची नाही. याबाबतीत आम्ही कुणाचीही भीड ठेवत नाही.

जाणं-येणं असं. दिवा–सावंतवाडी गाडीने रत्नागिरी, तिथून एसटीने पावस, पूर्णगड मार्गे कशेळी. पूर्णगडला मुचकुंदीची खाडी ओलांडताना खिडकीची जागा मिळाली तर सोडू नका. खासगी गाडी आम्ही मुद्दाम करत नाही. एसटीत शेजारी बसलेल्या मावशी तुम्ही कुणाकडे उतरणार, हे तिकीट फाडायच्या आत विचारतात, आणि गावात पोचेपर्यंत तुमची ओळख झालेली असते.

ज्या काका-काकूंकडे आपण उतरतो ते हॉटेल चालवत नाहीत, घर चालवतात. जेवण घरात शिजेल ते : कुळथाची पिठी, भात, तांदळाची भाकरी, सोलकढी, कधी ओल्या काजूंची उसळ. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं. ज्यांना मासे हवेत त्यांनी आधी सांगावं, बाजारात मिळाले तर होतील. झोपायला माजघर आणि पडवी, न्हाणीघर सामायिक. एसी नाही, फोनची रेंज अंगणाच्या एका कोपऱ्यात मिळते. सड्यावर सावलीला झाड नाही आणि चालणं रोज दोन-तीन तास असतं. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी मोकळेपणाने बोला, पर्याय काढता येतो.

सहली नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. त्याआधी गवत कमरेएवढं असतं आणि चित्रं त्याखाली दडलेली. एप्रिल-मेमध्ये कातळ तापतो, शिवाय घरचे आंब्याच्या कामात बुडालेले असतात; त्यांच्या ऐन हंगामात पाहुणे नेणं आम्हाला पटत नाही. रथसप्तमीच्या सुमाराला आलात तर कशेळीच्या कनकादित्याचा उत्सव मिळेल. ती तारीख लवकर भरते.

एका वेळी आठच माणसं. घरच्यांचे पैसे आम्ही त्यांना सहलीआधीच देतो, त्यामुळे ऐन वेळी येणं रद्द झालं तर तेवढी रक्कम परत मिळणार नाही. महिनाभर आधी कळवलंत तर पूर्ण परत.

टोपी, पाण्याची बाटली, अंथरायला एक चादर आणा. फोन सकाळी ९ ते दुपारी १ या वेळात करा. सहलीच्या दिवसांत संध्याकाळी आम्ही सड्यावर असतो आणि तिथे रेंज नसते, तेव्हा निरोप ठेवा.