सेशनला आई-बाबांनी आत का बसायचं? (पाच वर्षांखालील मुलांच्या पालकांसाठी)

"मुलाला सोडून जाते, तासाभराने घ्यायला येते, चालेल ना?" धसका बसलेल्या लहान मुलांच्या मानसोपचारासाठी पालक फोन करतात, तेव्हा हे हमखास विचारलं जातं. नाही चालणार. का, ते एकदा नीट सांगतो.

कुत्रा चावणं, अंगावर गरम चहा सांडणं, डोळ्यांदेखत अपघात, घरातली मारहाण, आयसीयूतला मुक्काम. दीड-दोन वर्षांच्या मुलाला यातलं काही सांगता येत नाही, पण धसका राहतो. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं, येत असलेले शब्द जातात, रात्री दचकून उठतं. खेळही एकच : गाडी आपटायची, पुन्हा आपटायची. "लहान आहे, विसरेल" असं आजी-आजोबा म्हणतात, आणि बरीच मुलं काही आठवड्यांत सावरतातही. मात्र महिना उलटूनही फरक नसेल तर वाट पाहू नका. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमधल्या या त्रासाचे वेगळे निकष २०१३ पासून 'डीएसएम-५' या मानसिक आजारांच्या निदानासाठीच्या अमेरिकन पुस्तिकेत आहेत. हे आमच्या मनचं नाही.

आता मुद्दा. एवढ्या लहान मुलाला स्वतःला शांत करता येत नाही, ते तुमच्या कुशीत शांत होतं. धसका बसलेल्या मुलाला अनोळखी खोलीत ठेवून तुम्ही गेलात, की त्याची भीती आणखी पक्की होते. मग पुढची दोन-तीन सेशन्स नुसती रडं थांबवण्यात जातात. वेळ तुमचा जातो, पैसेही.

"फी घेता आणि आम्हालाच बसवता" असंही ऐकतो. अहो, आठवड्यात मूल आमच्यासमोर एक तास असतं, उरलेले १६७ तास घरी. आलिसिया लिबरमन आणि पॅट्रिशिया व्हॅन हॉर्न या मानसशास्त्रज्ञांनी सॅन फ्रान्सिस्कोत विकसित केलेली पद्धत आम्ही वापरतो. तिच्यात आई किंवा बाबा मुलासोबत जमिनीवर बसून खेळतात. झालेल्या गोष्टीला साधे शब्द कसे द्यायचे, ते आम्ही दाखवतो. त्यांच्या अभ्यासात हे आठवड्याला एकदा, वर्षभर चाललं होतं. चार भेटींत संपेल असं आम्ही सांगत नाही.

येताना रिक्षात "मॅडमना सांग हं काय झालं ते" असं पढवू नका. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सो कायद्यानुसार आम्हाला पोलिसांना कळवावंच लागतं, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिली भेट फक्त पालकांची, मुलाला आणू नका. नोकरदारांसाठी संध्याकाळच्या आणि शनिवारच्या वेळा राखून ठेवतो. फोन करतानाच सांगा.