ईगलच्या छतावरची नावं

केंब्रिज म्हटलं की आपल्याला रँग्लर परांजपे आठवतात, जयंत नारळीकर आठवतात. त्याच गावात बेनेट स्ट्रीटवर 1667 पासून चालत आलेला एक पब आहे, 'द ईगल'. जागा कॉर्पस ख्रिस्ती कॉलेजच्या मालकीची. सुरुवातीचं नाव 'ईगल अँड चाइल्ड'. घोडागाड्यांतून येणारे प्रवासी तेव्हा इथे मुक्कामाला उतरत. विद्यार्थी आणि प्राध्यापकांचा हा अड्डा पुढे झाला.

पण मला या पबची खरी श्रीमंती वाटते ती मागच्या खोलीच्या छतात. दुसऱ्या महायुद्धात पूर्व इंग्लंडच्या सपाट मुलखात जागोजागी विमानतळ उभे राहिले. तिथले ब्रिटिश आणि अमेरिकन वैमानिक मोकळी संध्याकाळ मिळाली की ईगल गाठत. एका रात्री टर्नर नावाचा हवाई दलातला सार्जंट टेबलावर चढला आणि त्याने आपल्या स्क्वाड्रनचा क्रमांक छतावर उमटवला. तिथून ही प्रथा पडली, असं सांगतात. कुणी मेणबत्तीच्या काजळीने लिहिलं, कुणी लायटरच्या ज्योतीने, कुणी चक्क लिपस्टिकने. नावं, आकडे, तुकड्यांची चिन्हं, एकावर एक, वेडीवाकडी. मान वर करून लिहिणाऱ्याचा हात कसा अवघडला असेल, ते त्या अक्षरांच्या वळणावरून कळतं. ही पोरं विशी-बाविशीतली होती. गावाबाहेर मॅडिंग्लीला अमेरिकन सैनिकांची दफनभूमी आहे. तिथे सुमारे 3,800 कबरी आहेत, आणि ज्यांचे देहही सापडले नाहीत अशा 5 हजारांहून अधिक जणांची नावं भिंतीवर कोरली आहेत. छतावरचं हे लेखन काळाच्या ओघात पुसट झालं होतं. 1990 च्या दशकात हवाई दलातल्याच एका निवृत्त तंत्रज्ञाने ते चिकाटीने पुन्हा उजेडात आणलं.

जगाला मात्र ईगल माहीत आहे तो डीएनएमुळे, म्हणजे सजीवांची आनुवंशिक माहिती वाहणाऱ्या रेणूमुळे. विद्यापीठाची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा तेव्हा शेजारच्याच फ्री स्कूल लेनमध्ये होती. ती गावाबाहेर गेली 1974 मध्ये. तिथे डीएनएची रचना शोधणारे फ्रान्सिस क्रिक आणि जेम्स वॉटसन यांचं दुपारचं जेवण बहुतेक ईगलमध्येच व्हायचं. 28 फेब्रुवारी 1953 रोजी क्रिकने इथे येऊन 'आम्हाला जीवनाचं रहस्य सापडलं' असं जाहीर केलं, असं वॉटसनने 1968 च्या पुस्तकात लिहिलं. क्रिकने पुढे स्वतःच सांगितलं, की असं काही बोलल्याचं आपल्याला आठवत नाही. तरी ते वाक्य पबला कायमचं चिकटलं.

2003 मध्ये वॉटसनच्या हस्ते दारावर निळा फलक लागला. त्यावर नावं दोनच, क्रिक आणि वॉटसन. ज्या क्ष-किरण छायाचित्राने डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा, म्हणजे एकमेकांभोवती वळलेल्या दोन धाग्यांसारख्या रचनेचा, माग लागला, ते लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये रोझलिंड फ्रँकलिन या शास्त्रज्ञेच्या देखरेखीखाली रेमंड गॉसलिंगने काढलं होतं, आणि ते वॉटसनला दाखवलं गेलं तिच्या परवानगीविना. फ्रँकलिन केंब्रिजच्याच न्यूनम कॉलेजची विद्यार्थिनी. ती शिकत होती तेव्हा हे विद्यापीठ मुलींना पूर्ण पदवीसुद्धा देत नव्हतं. तो हक्क मिळाला 1948 मध्ये. 1958 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी ती गेली.

दारावरच्या फलकावर कुणीतरी हाताने तिचं नाव लिहून ठेवलं होतं. फलकाचं विद्रूपीकरण म्हणून त्याकडे पाहणारे असतील. मला ते छतावरच्या लेखनाच्याच जातीचं वाटतं. 2023 मध्ये नवा फलक आला, आणि त्यावर फ्रँकलिनचं नाव रीतसर छापलेलं आहे.