सुगम्य परिषद

सुगम्य परिषद : शारीरिक क्षमता, भाषा, लिंगभाव, वय किंवा ऐपत यांमुळे कोणाचाही सहभाग अडू नये अशा रीतीने आखलेली परिषद, अधिवेशन वा चर्चासत्र. सभागृहात जागा मिळाली की सहभाग झाला, असे काही आयोजक मानतात. प्रस्तुत नोंदीत व्यासपीठावरून बोलता येणेही त्यात धरले आहे.

या कल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. वास्तुशास्त्राच्या अंगाने लिहिणारे तो अमेरिकेतील १९६१ च्या, अपंगांना वापरता येतील अशा इमारतींविषयीच्या मानकापर्यंत मागे नेतात. अपंग हक्क चळवळीचे अभ्यासक मात्र १९८० च्या विनिपेग (कॅनडा) येथील रिहॅबिलिटेशन इंटरनॅशनल या अपंग-पुनर्वसन संस्थेच्या जागतिक परिषदेकडे बोट दाखवतात. संस्थेच्या कारभारात अपंग व्यक्तींना समान प्रतिनिधित्व देण्याचा प्रस्ताव तेथे फेटाळला गेला. अपंग प्रतिनिधींनी वेगळी चूल मांडली आणि १९८१ मध्ये सिंगापूर येथे डिसेबल्ड पीपल्स इंटरनॅशनल ही संघटना उभी राहिली. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण मानकाचा विषय इमारत हा होता. परिषदेत कोणाचे मत मोजायचे हा प्रश्न विनिपेगलाच ऐरणीवर आला.

महाराष्ट्रात हा प्रश्न त्याहून जुना आहे. १८८५ मध्ये पुण्याच्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी पत्राने नाकारले, तेही प्रतिनिधित्वाच्याच मुद्द्यावर. काँग्रेसच्या १८८९ च्या मुंबई अधिवेशनात पंडिता रमाबाईंसह काही स्त्रिया प्रतिनिधी होत्या. त्यांची संख्या सामान्यतः दहा मानली जाते. त्यांना ठरावांवर बोलू दिले गेले नसावे, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. पुढच्याच वर्षी कलकत्त्यास कादंबिनी गांगुली बोलल्या आणि काँग्रेसच्या व्यासपीठावरून बोलणारी पहिली स्त्री असा त्यांचा उल्लेख होतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘सार्वजनिक इमारत’ या संज्ञेत लोकांच्या वापरातील खाजगी इमारतही येते. त्यामुळे भाड्याचे सभागृह त्यातून सुटत नाही. जुन्या इमारतींना सुगम्य होण्यासाठी नियम जाहीर झाल्यापासून ५ वर्षांची मुदत होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमांतील सुगम्यतेच्या निकषांविषयीचा १५(१) हा नियम अवैध ठरवून किमान निकष बंधनकारक करण्यास केंद्राला सांगितले.

प्रवेशद्वाराचा रॅम्प आता बऱ्याच ठिकाणी दिसतो, मंचाचा क्वचितच. १:१२ हा मान्य चढ धरल्यास ९०० मिमी. उंचीच्या मंचाला १०.८ मी. लांबीचा रॅम्प लागतो, मधला विसावा वेगळाच. पहिल्या रांगेपुढे एवढी जागा नसते. मग प्लायवूडची फळी तिरपी टाकून चार स्वयंसेवक चाकाची खुर्ची वर ढकलतात, किंवा वक्त्याला खालीच माइक देतात. खालीच बसवायचे तर त्या सत्रातील सर्व वक्ते व अध्यक्षही खाली बसावेत, हे उत्तम.

ऐकू कमी येणाऱ्यांसाठीचे इंडक्शन लूप हे तंत्र जुने आहे. जोसेफ पोलियाकॉफ यांचे त्यावरील ब्रिटिश पेटंट १९३७ चे आहे. सभागृहाच्या कडेने तार फिरवून तीत माइकवरील आवाजाचा वर्धित विद्युत् संकेत सोडतात. तारेभोवतीचे बदलते चुंबकीय क्षेत्र श्रवणयंत्रातील टेलिकॉइल (तारेचे छोटे वेटोळे) पकडते; त्यामुळे पंख्यांची घरघर, खुर्च्यांचा खडखडाट टळून माइकवरचा आवाज थेट कानी पडतो. सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबमधील पोलादी सळ्या हे क्षेत्र क्षीण करतात, आणि त्यातही उच्च कंप्रता अधिक. म्हणून ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने बोथट होतात. हॉटेलांतील सरकत्या भिंतींच्या दालनांत आणखी एक अडचण येते : शेजारच्या दालनातही लूप असल्यास तिथले भाषण इकडे ऐकू येते. कलांतर (संकेताच्या लहरींत ठरावीक पुढे-मागेपणा) असलेली दोन लूप वापरून ही गळती बरीच रोखता येते. छोट्या श्रवणयंत्रांत अनेकदा टेलिकॉइल नसते, तेव्हा नोंदणी अर्जातच तशी विचारणा करावी लागते. भाषण पडद्यावर अक्षरांत दाखवणारी यांत्रिक उपशीर्षके मराठी-इंग्रजी मिश्र बोलण्यात अजून अडखळतात.

सांकेतिक भाषेचे दुभाषे जोडीने नेमतात व साधारण दर २० मिनिटांनी पाळी बदलतात. पडद्यावरील चित्रांसाठी दिवे मालवले तरी दुभाषावर प्रकाश हवा, हे आयोजक हमखास विसरतात. मुंबईत अशा दुभाषांच्या प्रशिक्षणाचे प्रमुख केंद्र म्हणजे वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाचा व श्रवण संस्था (स्थापना १९८३). अंध प्रतिनिधींना शोधनिबंध आगाऊ, स्क्रीन रीडरला (पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणाऱ्या संगणक प्रणालीला) वाचता येईल अशा स्वरूपात लागतात. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड (१९५२) व सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिहीनांसाठीचे केंद्र (२००३) ही या क्षेत्रातील जुनी ठिकाणे होत.

बहुभाषिक परिषदेचे मोठे उदाहरण म्हणजे गोरेगावच्या नेस्को मैदानावर १६–२१ जानेवारी २००४ रोजी भरलेला वर्ल्ड सोशल फोरम, म्हणजे जगभरच्या सामाजिक चळवळींचे संमेलन. वेळेचाही प्रश्न असतो : मुंबईत सत्र सकाळी ९ ला सुरू केल्यास लोकलच्या ऐन गर्दीत दिव्यांगांच्या डब्यापर्यंत पोहोचणेही कठीण होते. ११ ही वेळ बरी. हिरकणी कक्ष, पाळणाघर, शुल्कात सवलत आणि नोंदणी अर्जात तृतीयपंथी प्रतिनिधींसाठी पर्याय या सोयी आयोजकागणिक बदलतात.