नायजर त्रिभुज प्रदेश : तेलप्रश्न

नायजर नदी गिनीच्या आखाताला मिळते तिथे, दक्षिण नायजेरियात, खाड्या, दलदल आणि बेटांचा जो विस्तीर्ण पट्टा तयार झाला आहे तो नायजर त्रिभुज प्रदेश. क्षेत्रफळ सु. ७०,००० चौ. किमी. शासकीय व्याख्येनुसार त्यात नऊ राज्ये येतात. बायेल्सा, रिव्हर्स आणि डेल्टा ही त्यांपैकी तेलाच्या दृष्टीने महत्त्वाची. इजॉ, ओगोनी, उर्होबो, इत्सेकिरी, इसोको, इबिबिओ असे अनेक समाज येथे राहतात. मासेमारी, कसावा आणि सुरणासारख्या यॅम या कंदांची शेती व तेलमाड हा त्यांच्या जगण्याचा पारंपरिक आधार. आफ्रिकेतील सर्वांत मोठी खारफुटी याच किनाऱ्यावर आहे. देशाचे जवळजवळ सगळे खनिज तेल याच प्रदेशातून आणि लगतच्या समुद्रातून निघते, आणि तरीही येथील गावांत पिण्याच्या पाण्याची मारामार आहे. प्रश्नाचे मूळ तेलाच्या चिकटपणात कमी आणि मालकीच्या कायद्यात जास्त आहे.

तेलासाठी परक्यांनी या किनाऱ्यावर येणे नवे नाही. ब्रिटिशांनी १८८५ मध्ये येथे जे संरक्षित राज्य जाहीर केले त्याचे नावच ‘ऑइल रिव्हर्स’ होते. ते तेल मात्र तेलमाडाचे, साबण आणि यंत्रांचे वंगण बनवण्यासाठी इंग्लंडला जाणारे. खनिज तेल व्यापारी प्रमाणात सापडले ते १९५६ मध्ये, आजच्या बायेल्सा राज्यातील ओलोइबिरी येथे, शेल-बीपी कंपनीला. निर्यात १९५८ मध्ये सुरू झाली, १९६० मध्ये देश स्वतंत्र झाला, आणि १९६७ ते १९७० च्या बियाफ्रा युद्धात (आग्नेय भागाने वेगळा देश जाहीर केल्याने झालेल्या यादवीत) तेलक्षेत्रे कोणाच्या ताब्यात राहणार हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या मनात होता. ओलोइबिरीच्या विहिरी केव्हाच आटल्या.

युद्ध चालू असतानाच, १९६९ मध्ये, लष्करी सरकारने पेट्रोलियम कायदा करून भूगर्भातील सगळे तेल केंद्राच्या मालकीचे केले. १९७८ च्या भूमी कायद्याने जमीनही राज्यपालांच्या हाती सोपवली. यामुळे शेतातून तेलवाहिनी गेली तर शेतकऱ्याला मिळते ती उभे पीक, झाडे आणि बांधकाम यांची भरपाई; जमिनीची किंमत नाही, तेलाचा हिस्सा तर नाहीच. उत्पन्नाच्या वाटपाचेही तेच झाले. स्वातंत्र्याच्या वेळी राज्यघटनेनुसार खनिज उत्पन्नाचा अर्धा वाटा ते जिथून निघते त्या प्रांताला मिळे. उत्तरेचा भुईमूग आणि पश्चिमेचा कोको देशाला पोसत होते तोवर उगमस्थानाच्या हक्काचे हे तत्त्व सर्वांना मान्य होते. उत्पन्नाचा झरा अल्पसंख्य समाजांच्या दलदलीत सरकला तसा हा वाटा घसरत १९८० च्या दशकात दीड टक्क्यावर आला. हा योगायोग मानणे कठीण आहे. १९९९ च्या राज्यघटनेने तो किमान १३ टक्के केला. पण ती रक्कम राज्य सरकारांकडे जाते, आणि तिथून गावापर्यंत किती पोचते हा वेगळाच विषय.

तेलगळती : पाइप जुने, अनेक ठिकाणी उघड्यावरून गेलेले. खाडीत तेल सुटले की भरती ते आत ढकलते आणि ओहोटी ते चिखलावर पसरवून जाते. खारफुटीची श्वसनमुळे चिखलाबाहेर असतात; त्यांवर तेलाचा थर बसला की झाड गुदमरून मरते. मुळांच्या आधाराने वाढणारी माशांची पिले, खेकडे, कालवे आणि बायका ओहोटीला वेचतात त्या गोगलगायी, सगळे एकदमच जाते. मेलेल्या खारफुटीच्या जागी आता निपा माड पसरतो आहे. हे झाड मूळचे आशियातले. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिशांनी ते येथे लावले. ते चिखल धरून ठेवते, पण खारफुटीसारखा मासा धरून ठेवत नाही.

गळती कशामुळे झाली, यावर सगळे अवलंबून असते. पाइप गंजून फुटला असेल तर कंपनी भरपाई देणे लागते. कोणी तो कापला असेल तर लागत नाही. हे ठरवण्यासाठी कंपनी, सरकारी यंत्रणा आणि गावाचे प्रतिनिधी एकत्र पाहणी करतात. कागदावर व्यवस्था चोख दिसते. प्रत्यक्षात होडी कंपनीची, तंत्रज्ञ कंपनीचे आणि मोजमापही बहुतेकदा कंपनीचेच. गावकऱ्याने सही करायची. ओगोनी भागातील बोडो येथे २००८-०९ मध्ये एकाच मोठ्या वाहिनीतून दोनदा गळती झाली, आठवडेच्या आठवडे चालली. दोन्ही मिळून सु. ४,००० पिंपे तेल सांडले असे शेलचे म्हणणे होते. प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेल्यावर तो आकडा कमी धरला होता हे कंपनीला मान्य करावे लागले, आणि २०१५ मध्ये साडेपाच कोटी पौंडांवर तडजोड झाली. घातपात आणि चोरी होतच नाही असे मात्र नाही. ती प्रचंड प्रमाणात होते, आणि म्हणूनच प्रत्येक गळतीवर चोरीचा शिक्का मारणे सोपे जाते.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ओगोनी भागाची जी पाहणी केली, तिचा ऑगस्ट २०११ मधील अहवाल हा या विषयावरील सर्वांत भरवशाचा दस्तऐवज. चौदा महिने, दोनशेहून अधिक ठिकाणे, पाच हजारांवर लोकांच्या वैद्यकीय नोंदी. ४९ ठिकाणी तेल जमिनीत किमान पाच मीटर खोल उतरलेले आढळले. ओगाले परिसरात भूजलावर शुद्ध केलेल्या तेलाचा आठ सेंटिमीटर जाडीचा थर तरंगत होता, आणि त्याच भागातील लोक ज्या विहिरींचे पाणी पीत होते त्यांत बेन्झीन या कर्ककारक द्रव्याचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या नऊशेपटींहून जास्त भरले. शेलच्या दप्तरी ‘स्वच्छता पूर्ण’ अशी नोंद असलेल्या १५ जागा तपासल्या, तेव्हा त्यांतील १० दूषितच निघाल्या. सगळे पूर्ववत व्हायला २५ ते ३० वर्षे लागतील असा अंदाज अहवालाने दिला. सफाईचे उद्घाटन झाले २०१६ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी.

वायुज्वलन : तेलाबरोबर वर येणारा नैसर्गिक वायू साठवण्यापेक्षा जाळून टाकणे स्वस्त पडते. गावांना लागूनच उंच नळ्यांवर या ज्वाळा रात्रंदिवस भडकत राहतात. ढणढणाट, काजळी आणि कधीच पुरता न होणारा अंधार. उर्होबो भागातील बायका मात्र कसाव्याचा (आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच) किसून पिळलेला लगदा या आगीच्या धगीला चटयांवर पसरून वाळवतात, कारण उन्हापेक्षा तो लवकर वाळतो आणि सरपण लागत नाही. या प्रदेशाची गत कळायला तेवढे दृश्य पुरे. ज्वलन १ जानेवारी १९८४ पर्यंत थांबवावे असा कायदा १९७९ मध्येच झाला. मुदती वाढत गेल्या. दंड इतका क्षुल्लक होता की तो भरणेच कंपन्यांना परवडे. बेनिन सिटी येथील न्यायालयाने २००५ मध्ये ज्वलन घटनाबाह्य ठरवले, तरी ज्वाळा चालूच राहिल्या. बॉनी बेटावरून द्रवरूप वायूची निर्यात १९९९ मध्ये सुरू झाल्यावर प्रमाण खाली आले, पण सर्वाधिक वायू जाळणाऱ्या देशांच्या यादीत नायजेरिया आजही वरच्या भागात आहे.

प्रतिकार : इजॉ तरुण आयझॅक बोरो याने १९६६ मध्ये स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केले, ते बारा दिवस टिकले. ओगोनींचा लढा निःशस्त्र होता. लेखक केन सारो-विवा यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘मोसोप’ या संघटनेने १९९० मध्ये हक्कांची सनद मांडली, आणि ४ जानेवारी १९९३ च्या मोर्चाला सु. तीन लाख लोक आल्याचे सांगतात. ओगोनींची एकूण संख्याच तेव्हा पाच लाखांच्या आसपास. त्या वर्षी शेलने ओगोनी भागातील उत्पादन बंद केले. पुढे चार ओगोनी पुढाऱ्यांच्या खुनाचा ठपका ठेवून सानी अबाचा यांच्या लष्करी राजवटीने सारो-विवा आणि अन्य आठ जणांवर विशेष न्यायाधिकरणापुढे खटला चालवला व १० नोव्हेंबर १९९५ रोजी त्यांना पोर्ट हारकोर्ट येथे फाशी दिली. राष्ट्रकुलाने नायजेरियाचे सदस्यत्व तत्काळ निलंबित केले. जून २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष टिनुबू यांनी या नऊ जणांना मरणोत्तर माफी जाहीर केली. गुन्हाच नव्हता तर माफी कसली, निर्दोष म्हणा, असे अनेक ओगोनींचे उत्तर होते.

बायकांचा लढा निराळा. जुलै २००२ मध्ये उगबोरोडो परिसरातील शेकडो स्त्रियांनी शेव्हरॉन या तेलकंपनीचा एस्क्रावोस येथील निर्यात तळ सुमारे दहा दिवस रोखून धरला. हातात शस्त्र नव्हते. आम्हाला हटवाल तर कपडे उतरवू, एवढीच धमकी. वयस्क स्त्रीने असे करणे हा तिथे घोर शाप समजला जातो. मुलांना नोकऱ्या, गावाला वीज आणि पाणी या मागण्यांवर कंपनीने वाटाघाटी केल्या.

सशस्त्र गटांनी २००६ पासून पाइप उडवले, परदेशी कामगार पळवले. उत्पादन कोसळताच २००९ मध्ये सरकारने माफी योजना आणली आणि हत्यार टाकणाऱ्यांना दरमहा भत्ता सुरू झाला. ओगोनींना फाशी आणि बंदूकधाऱ्यांना मासिक रक्कम! तरुणांनी यातून काय धडा घ्यावा हे सरकारने स्वतःच शिकवले म्हणायचे. त्यातले काही म्होरके आता वाहिन्यांच्या राखणीचे सरकारी कंत्राटदार आहेत.

तेलाच्या हातभट्ट्या : बेकायदा शुद्धीकरणाला स्थानिक बोलीत ‘क्पो-फायर’ म्हणतात. तेलवाहिनीला भोक पाडून कच्चे तेल होडीतून खाजणात आणायचे, लोखंडी टाकीखाली त्याच तेलाची आग पेटवायची आणि वाफ पाण्यातून नेलेल्या नळीतून थंड करून घ्यायची. आधी पेट्रोल, मग रॉकेल, मग डिझेल. माडाच्या ताडीपासून दारू गाळण्याचे जुने कसब इथे कामी आले. उरलेले डांबर खाडीत. लष्कर छापा घालून भट्ट्या पेटवून देते, त्याने प्रदूषणात भरच पडते. पोर्ट हारकोर्टवर २०१६ पासून काळी काजळी बसू लागली ती बरीचशी यातूनच. एप्रिल २०२२ मध्ये इमो राज्यातील अशा एका ठिकाणी स्फोट होऊन शंभरावर माणसे मेली. मात्र मोठी चोरी भट्टीवाला करत नाही. त्याच वर्षी फोर्कादोस निर्यात तळापासून समुद्रात गेलेली चार किलोमीटरची बेकायदा वाहिनी उघडकीस आली. ती नऊ वर्षे चालू होती असे राष्ट्रीय तेल कंपनीनेच सांगितले. एवढी वाहिनी वरच्या आशीर्वादाशिवाय चालत नाही.

हा धंदा फोफावण्यामागे आणखी एक कारण आहे : कच्चे तेल निर्यात करणारा हा देश कित्येक वर्षे पेट्रोल आयात करत होता, कारण सरकारी शुद्धीकरण कारखाने बंद पडलेले. पेट्रोलवरचे अनुदान मे २०२३ मध्ये काढताच दर काही दिवसांत दुपटीच्या वर गेले. लागोसजवळचा उद्योगपती दांगोटे यांचा दिवसाला साडेसहा लाख पिंपे क्षमतेचा खाजगी कारखाना २०२४ मध्ये चालू झाला. नायजेरियाच्या कच्च्या तेलाच्या मोठ्या खरेदीदारांत भारत अनेक वर्षे आहे.

देशातील न्यायालयांत निकाल लागला तरी अंमलबजावणी होत नाही, म्हणून खटले युरोपात गेले. हेगच्या अपील न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ओरुमा आणि गोई या गावांतील गळतीसाठी शेलच्या नायजेरियातील कंपनीला जबाबदार धरले. पुढे दीड कोटी युरोंवर तडजोड झाली. मूळ फिर्यादींपैकी काही जण तोवर वारले होते.

शेलने मार्च २०२५ मध्ये आपला जमिनीवरील नायजेरियन व्यवसाय ‘रेनेसान्स’ या समूहाला विकून टाकला आणि खोल समुद्रातील क्षेत्रे, जिथे गावही नाही आणि मोर्चाही नाही, मात्र स्वतःकडे ठेवली. जुन्या प्रदूषणाचा खर्च यापुढे कोणी द्यायचा याचा वाद त्यामुळे आणखी चिघळला आहे. २०२१ च्या नव्या पेट्रोलियम कायद्याने कंपन्यांना त्यांच्या वार्षिक चालू खर्चाचे तीन टक्के स्थानिक गावांच्या विश्वस्त निधीत भरणे बंधनकारक केले. मात्र त्याच कायद्यानुसार गावाच्या हद्दीत पाइपची नासधूस झाली, तर दुरुस्तीचा खर्च त्या गावाच्या वाट्यातून कापला जातो.