याश्चिलानची दारं, लंडनची भिंत

ब्रिटिश म्युझियमच्या २७ क्रमांकाच्या दालनात मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया संस्कृतीच्या कोरीवकामाच्या चुनखडी शिळा भिंतीला उभ्या लावल्या आहेत. बघायला सोयीचं आहे, पण त्या घडवणाऱ्याने अशा बघायला घडवल्या नव्हत्या. दाराच्या चौकटीवर आडव्या टाकलेल्या या शिळांचं कोरीवकाम खालच्या अंगाला होतं. आपल्याकडची गणेशपट्टी बाहेरूनच दिसते. ही शिळा मात्र उंबऱ्यात थांबून मान वर केली तरच दिसायची.

दारं होती याश्चिलानची. मेक्सिकोच्या चियापास राज्यात, उसुमासिंता नदीच्या वळणावरचं हे नगर. तिथल्या २३ क्रमांकाच्या वास्तूचा संबंध राणी काबाल शोकशी आहे. तिच्या एका शिळेवर राजा इत्झामनाह बलाम तिसरा पेटती मशाल धरून उभा आहे आणि समोर गुडघे टेकून राणी काटे ओवलेला दोर आपल्या जिभेतून ओढते आहे. रक्त टिपायला टोपलीत कागद. प्रसंगाची तारीखही कोरली आहे, ती इ.स. ७०९ मधली. दुसऱ्या शिळेवर सापाच्या जबड्यातून एक योद्धा बाहेर येतो आणि राणी त्याच्याकडे वर बघते.

१८८२च्या मार्चमध्ये इंग्रज संशोधक आल्फ्रेड मॉड्स्ले इथे पोचला. पाठोपाठ फ्रेंच प्रवासी देझिरे शार्ने आला आणि कोणीतरी आधीच आलंय हे बघून हिरमुसला. मॉड्स्लेने शोधाचं श्रेय खुशाल त्याला देऊ केलं. शार्नेने गावाला आपल्या मोहिमेला पैसे पुरवणाऱ्या तंबाखूवाल्या लोरिलार्डचं नाव दिलं! दोन पाहुण्यांमधलं हे औदार्य. तिथले लाकान्दोन माया लोक मात्र त्याच पडक्या देवळांत तेव्हाही धूप जाळत होते.

वजन कमी व्हावं म्हणून शिळांची मागची, कोरी बाजू तासून त्या पातळ केल्या आणि इंग्लंडला पाठवल्या. एक शिळा चुकून बर्लिनला गेली आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली.

शिळांवर कोरलेल्या लेखांचा अर्थ लागायला आणखी बराच काळ गेला. माया लेखांत फक्त ग्रहगणित आणि पंचांग आहे, असा तेव्हा दबदबा असलेल्या अभ्यासकांचा समज होता. १९६० मध्ये माया लेखांच्या अभ्यासक तातियाना प्रोस्कुरियाकोफ यांनी त्याच नदीकाठच्या पिएद्रास नेग्रास या माया नगरातल्या लेखांच्या तारखा जुळवून त्यांत राजांचे जन्म आणि राज्यारोहणं दाखवली, मग याश्चिलानची वंशावळ लावली. पुजारी वाटणारी ती बाई राणी ठरली, तिला नाव मिळालं.

राणीच्या त्या २३ क्रमांकाच्या वास्तूच्या दर्शनी तीन दारांपैकी दोन दारांच्या शिळा लंडनमध्ये आहेत. तिसरी मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात आहे.